अळीचे मोठेपण

जगातला सर्वांत मोठा कीटक कोणता, असे शाळेतल्या मुलांनी विचारले की मोठी माणसे बहुधा एक नाव सांगून मोकळी होतात. ज्याने जे वाचले असेल ते नाव. खरे तर आधी ठरवायला हवे की मोजायचे काय. लांबी मोजायची तर चीनमधला एक काडीकिडा पुढे येतो. त्याचे शास्त्रीय नाव फ्रिगॅनिस्ट्रिया चायनेन्सिस. 2014 मध्ये ग्वांगशी भागात मिळालेला एक नमुना पाय ताणून 62.4 सेंटिमीटर भरला, आणि पुढे चेंगडूच्या कीटक संग्रहालयात वाढवलेल्या एकाने 64 सेंटिमीटर गाठले. पंखांचा पसारा मोजायचा तर दक्षिण अमेरिकेतला थायसेनिया अग्रिपिना हा करड्या-पांढऱ्या नक्षीचा पतंग, टोकापासून टोकापर्यंत सुमारे 28 सेंटिमीटर. पंखांचे क्षेत्रफळ मोजायचे म्हटले की ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला हर्क्युलस पतंग वर येतो, आणि त्याच्या जोडीला आपल्या आशियातला ॲटलास. फुलपाखरांत न्यू गिनीची क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग. 1906 मध्ये अल्बर्ट मीक या संग्राहकाने तिची मादी मिळवली ती बंदुकीचा बार टाकून, कारण ती झाडांच्या शेंड्यांवरून उडत होती. छऱ्यांनी भोके पडलेला तो नमुना लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जपून ठेवला आहे.

राहिले वजन. न्यूझीलंडच्या लिटल बॅरिअर बेटावर वेटा नावाचा, आपल्या नाकतोड्याच्या गणातला, पंख नसलेला कीटक आहे. त्याची अंड्यांनी भरलेली एक मादी 71 ग्रॅम भरली होती. हे आकडे कायमचे नव्हेत. 2025 मध्येच ऑस्ट्रेलियातल्या ॲथर्टन पठारावरून 44 ग्रॅम वजनाच्या, 40 सेंटिमीटर लांबीच्या एका नव्या काडीकिड्याची नोंद झाली. एवढा मोठा जीव आजवर कुणाला दिसला नव्हता, कारण तो राहतो उंच झाडांच्या शेंड्यांत.

या सगळ्यांना मागे टाकणारा एक आकडा मात्र बहुतेक याद्यांच्या तळाशी, जवळजवळ तळटिपेत असतो. 2009 मध्ये जपानमध्ये पाळलेली ॲक्टिऑन भुंग्याची अळी 228 ग्रॅम भरली. म्हणजे पाव किलोला थोडीच कमी. तिचा भुंगा झाला असता तो याच्या निम्म्यानेही भरला नसता. तरीही याद्यांमध्ये मान भुंग्याला मिळतो, चित्र भुंग्याचे छापतात, आणि अळीकडे अजून व्हायच्या राहिलेल्या कीटकासारखे पाहिले जाते. मला हे उलटे वाटते. या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर कीटकांचे मोठेपण अळीचे असते, आणि पंख फुटलेला कीटक ते मोठेपण खर्च करत असतो.

हे समजायला एक साधी गोष्ट पक्की डोक्यात बसवावी लागते. कीटकाचा सांगाडा अंगाबाहेर असतो. वाढायचे तर ते कवच फोडून बाहेर यावे लागते, नवे कवच मऊ असेतोवर फुगून घ्यावे लागते. पंख येईपर्यंत हे कात टाकणे चालू राहते आणि पंख आले की थांबते. म्हणून अंगणात दिसणारे छोटे फुलपाखरू हे मोठ्या फुलपाखराचे पिल्लू कधीच नसते. ते तेवढेच राहणार. लहान भुंगा उद्या मोठा होणार नाही. अळीपणी त्याला खायला कमी मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. एकाच जातीचे दोन गेंड्या भुंगे शेजारी ठेवले तर एक दुसऱ्याच्या दीडपट दिसू शकतो. वयाने दोघे सारखे असतील. कुजके शेण एकाच्या वाट्याला अधिक आले.

तेव्हा मोठे कीटक पाहायचे असतील तर जिथे खायला भरपूर, सावकाश आणि निर्धास्त मिळते अशा जागा शोधाव्या लागतात. रायगडातल्या पेण आणि रोहे या दोन तालुक्यांत त्या एकमेकींना लागून आहेत, म्हणून या पुस्तकासाठी हा परिसर निवडला. पश्चिमेला धरमतरची खाडी आणि तिच्या कडेची खारभाताची शेते, मधून अंबा नदी, दक्षिणेला कुंडलिका, नागोठण्यापुढे सुकेळी खिंडीतले रान, पूर्वेला सह्याद्रीचे उतार. रोह्याच्या पश्चिमेला फणसाडचे जंगल आहे. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान, 1986 मध्ये ते अभयारण्य झाले. तिथे जाणारे शेकरू पाहायला जातात आणि शेकरू बरेचदा दिसतही नाही. मान खाली घालून चालणाऱ्याला मात्र रिकामे परतावे लागत नाही.

सुरुवात ॲटलासपासून करणे भाग आहे, कारण बातमी त्याचीच होते. दर पावसाळ्यात कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या गावातून छायाचित्र येते : पडवीच्या भिंतीवर तपकिरी-तांबूस रंगाचा, बशीपेक्षा मोठा पतंग, पंखांवर काचेच्या खिडक्यांसारखे पारदर्शक त्रिकोण, आणि वर मथळा – दुर्मीळ पतंग आढळला. पंखांचा पसारा 24 सेंटिमीटरच्या घरात जातो, तेव्हा गावकऱ्यांचे थबकणे साहजिक आहे. शास्त्रीय बाजू अशी, की हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणाऱ्या ॲटलासला लिनिअसने 1758 मध्ये नाव दिले. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली जात वेगळी असल्याचे फ्रेडरिक मूर याने 1880च्या दशकात दाखवले, तिचे नाव ॲटॅकस टॅप्रोबॅनिस. आपल्या सह्याद्रीतला पतंग या दुसऱ्या जातीचा. बातमीत दोघांनाही ॲटलास म्हणतात, त्याने फारसे बिघडत नाही.

‘दुर्मीळ’ म्हणण्याने मात्र बिघडते. या पतंगाला खाता येईल असे तोंडच नसते. कोशातून बाहेर पडल्यावर तो जगतो जेमतेम आठवडाभर, फार तर दोन, ते अळीपणी साठवलेल्या चरबीवर. त्याआधी महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ त्याची पांढुरकी, मेणचट पूड फासल्यासारखी, बोटाहून लांब आणि जाड अळी पाने कुरतडत असते. दालचिनी, पेरू, लिंबाच्या जातीची झाडे, असे तिला बरेच काही चालते. मग पानात गुंडाळलेला कोश. म्हणजे आयुष्याचा फार मोठा भाग तो आपल्याच परसात असतो आणि आपण पाहत नाही. अखेरच्या काही रात्री दिव्यावर येतो तेव्हा पाहतो आणि दुर्मीळ ठरवतो. त्या दिवसांत त्याचे काम एकच. मादी कोशाजवळच बसून गंध सोडते, नर पिसांसारख्या मिशांनी तो गंध दुरून हेरतो. फ्रान्समध्ये ज्याँ-आँरी फाब्र याने ग्रेट पीकॉक या याच कुळातल्या पतंगाची मादी घरात जाळीखाली ठेवली, तर रात्री सुमारे चाळीस नर खिडक्यांतून आत आले.

पंखाच्या वरच्या टोकाला नागाच्या तोंडासारखी नक्षी असते, तीही बातमीत हमखास येते. पाहणाऱ्या माणसाला ती नागासारखी दिसते यात शंका नाही. पक्ष्यांनाही तसेच वाटते, हे गृहीत धरण्याची घाई करू नये.

याच कुळातला दुसरा मोठा पतंग टसरचा. विदर्भात त्याला कोसा म्हणतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर त्याच्या अळ्या वाढवतात, ढिवर समाजाची कितीतरी घरे त्यावर चालतात, भंडाऱ्याजवळचे आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते. रायगडातही ऐन आहे आणि टसरही आहे. धंदा मात्र इथे कुणी केला नाही. इथल्या ऐनाचे काम वेगळे होते. दिवाळीनंतर ऐनाच्या फांद्या तोडायच्या, याला कवळ तोडणे म्हणतात, ती कवळ वाळवायची, शेण-पातेऱ्याबरोबर पसरायची आणि उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा. आता टसरचे कोश नेमके थंडी-उन्हाळ्यात ऐनाच्या फांद्यांना देठाने लोंबत असतात, आत कोशित निपचित पडलेले, ते पहिल्या पावसाची वाट पाहत. कवळीबरोबर किती कोश राबात गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण राब कमी झाला म्हणून टसर वाढला असेही घडले नसणार. राब भाजणे जिथे थांबले तिथे पुष्कळदा ऐनही तुटला आणि बंगल्यांचे प्लॉट पडले. शेतकऱ्याने फांदी तोडली तरी झाड राखले होते, कारण पुढच्या वर्षी फांदी पुन्हा हवी होती.

फिकट पोपटी रंगाचा, लांब शेपट्यांचा मून मॉथ हा या कुळातला तिसरा. त्याच्या शेपट्या नुसत्या शोभेच्या नाहीत. अमेरिकेतल्या ल्यूना या त्याच्या भाईबंदावर केलेले प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. उडताना फिरणाऱ्या शेपट्यांमुळे वटवाघळाचा नेम अंगावरून शेपटीवर घसरतो, आणि शेपट्या असलेले पतंग बिनशेपटीच्या पतंगांपेक्षा जास्त वेळा वाचतात.

फुलपाखरांबद्दल इथे थोडेच सांगतो, त्यांना वाचक आणि छायाचित्रकार आधीच पुष्कळ आहेत. 22 जून 2015 रोजी ब्लू मॉरमॉन हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरले आणि असे फुलपाखरू ठरवणारे आपले राज्य देशात पहिले. मराठीत त्याला आता नीलवंत म्हणतात. काळ्या मखमली पंखांवर निळा पट्टा, पसारा 12 ते 15 सेंटिमीटर. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर, रानात माकडलिंबूवर, त्याची अळी वाढते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून राज्याच्या मानचिन्हावर तिचे चित्र कुणी घेणार नाही. याहून मोठे सदर्न बर्डविंग तळकोकणात आणि गोव्यात भेटते, त्याची अळी सापसंदाच्या वेलावर असते. भारतातले सर्वांत मोठे फुलपाखरू म्हणून त्याचे 190 मिलिमीटरचे माप 1932 पासून चालत आले होते. 2020 मध्ये उत्तराखंडातल्या डिडीहाटच्या गोल्डन बर्डविंगच्या एका मादीने 194 मिलिमीटर भरून तो मान घेतला. चार मिलिमीटर.

आता ज्याच्यासाठी या पुस्तकाची सर्वांत जास्त पाने दिली आहेत त्या गेंड्या भुंग्याकडे येतो. छायाचित्रकारांना तो आवडत नाही. तो काळा, ओबडधोबड, दिव्यावर आदळून उताणा पडणारा, आणि बागायतदाराचा शत्रू. लांबी साडेतीन ते पाच सेंटिमीटर, डोक्यावर मागे वळलेले शिंग, नराचे अधिक मोठे. पण त्याची अळी सात-आठ सेंटिमीटरपर्यंत सहज जाते, कधी त्याहूनही पुढे. उकिरडा उपसताना पांढरी, तपकिरी डोक्याची, अंग मुडपून पडलेली जी जाड अळी हाती लागते आणि जिला बरेच जण हुमणी समजून कोंबड्यांपुढे टाकतात, ती बरेचदा हीच. कोंबड्यांची मेजवानी होते आणि नारळाचेही भले होते, त्यामुळे तक्रार करण्यासारखे काही नाही.

उकिरडा ही मोठ्या कीटकासाठी आदर्श जागा का, हे पाहण्यासारखे आहे. आत ऊब असते, ओल टिकते, खाणे चारही बाजूंना असते, पक्षी पोहोचत नाही. अळीला हलावेच लागत नाही. चार-सहा महिने, कधी अधिक, ती फक्त कुजके शेण आणि पालापाचोळा शरीरात बदलत राहते. कुजलेले माडाचे खोड मिळाले तर तेही चालते. मग भुंगा होतो, रात्री उडतो आणि माडाच्या शेंड्यात शिरतो. तिथे न उमललेल्या कोवळ्या झावळीत भोक पाडून तो रस घेतो. आपल्याला हे तेव्हा कळते जेव्हा ती झावळी उलगडते आणि कात्रीने तिरके कापल्यासारखी दिसते. त्या जखमेत पुढे सोंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या खोडच पोखरतात आणि मग माड जातो. म्हणजे गेंड्याने दार उघडायचे आणि सोंड्याने घर लुटायचे. बागायतदार शिव्या मात्र गेंड्यालाच देतो, कारण दिसतो तो.

या आपल्या घरच्या भुंग्याने पॅसिफिक महासागर हादरवला आहे. 1909 मध्ये श्रीलंकेहून गेलेल्या रबराच्या रोपांबरोबर तो सामोआला पोहोचला. तिथे त्याला खाणारे, त्याला रोगी करणारे कुणी नव्हते, आणि माड मात्र मैलोगणती. तिथून तो बेटांमागून बेटे घेत गेला. 1960च्या दशकात आलोइस ह्युगर या जर्मन शास्त्रज्ञाला मलेशियातल्या आजारी अळ्यांमध्ये एक विषाणू सापडला, तो सामोआत सोडल्यावर भुंग्यांची संख्या उतरली. कीड हटवायला कीटकांचा रोग वापरण्याच्या गोष्टींत ही फार यशस्वी गोष्ट मानतात. तरी 2007 मध्ये तो ग्वाममध्ये आणि 2013 मध्ये हवाईत पोहोचला, आणि तिथल्या भुंग्यांवर जुना विषाणू नीट लागू पडेना. विमानतळावर त्याच्यासाठी सापळे लावतात. इथे रोह्यात तो पडवीतल्या ट्यूबखाली उताणा पडून पाय हलवतो आणि कुणीतरी केरसुणीने त्याला बाहेर लोटतो.

आंब्याचा भिरूड हा याच गोष्टीचा दुसरा भाग. शास्त्रज्ञ त्याला बॅटोसेरा म्हणतात. पाच सेंटिमीटरचा राखी भुंगा, अंगाहून लांब मिशा. त्याची अळी जिवंत आंब्याच्या खोडात राहते, फणसाच्याही. लाकूड हे शेणापेक्षा निकस खाणे, म्हणून ती हळूहळू वाढते, वर्षभर किंवा अधिक. बाहेर दिसतो तो फक्त भोकातून सांडणारा भुसा. आजोबांनी लावलेला रायवळ आंबा एका बाजूने वाळू लागला की मग माणसे बुंध्याशी वाकून पाहतात. तोवर अळी बोटाएवढी झालेली असते. घराच्या वाशांत आणि बांबूत गोल भोके पाडणारा निळसर काळा भुंगा हा मात्र याचा कुणी नव्हे, ती सुतार मधमाशी. ती लाकूड खात नाही, आत पिलांसाठी परागाचे गोळे भरते, आणि दिवसभर भोपळ्या-वालाच्या फुलांवर फिरते. वासा बदलावा, तिला मारू नये, असे माझे मत. ते वाशाच्या मालकाला पटेलच असे नाही.

रानातून आणि बागेतून खाली खाचरांत उतरले की मोठेपणाचा आणखी एक प्रकार भेटतो. पहिल्या मोठ्या पावसात वलगणीचे मासे ओहोळातून शेतात चढतात, बेडूक अंडी घालतात, आणि पाण्यातला मोठा ढेकूण त्यांच्या मागोमाग असतो. लेथोसेरस त्याचे नाव. सहा ते आठ सेंटिमीटर, सुकलेल्या पानासारखा चपटा, पुढचे पाय चिमट्यासारखे. बेडकाचे पिल्लू, मासोळी, जे समोर येईल ते पकडतो, सोंड खुपसून आत लाळ सोडतो, आतले मांस विरघळले की शोषून घेतो. मागच्या टोकाची नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेतो. लावणी करणाऱ्याच्या पायाला चावला तर ती कळ विसरता येत नाही. दक्षिण अमेरिकेतली त्याची बहीण बारा सेंटिमीटरच्या आसपास जाते, थायलंडमध्ये आपल्या जातीचाच ढेकूण चटणीत घालून खातात. याला अळी नसते. त्याची पिल्ले लहानपणापासून त्याच्यासारखीच दिसतात आणि मांसावर वाढतात, म्हणून इतकी भराभर वाढतात. बाप अंड्यांची राखण करतो, पाण्याबाहेर आलेल्या काडीवर घातलेली अंडी सुकू नयेत म्हणून चढून ओली करतो. याच्या छोट्या चुलत्यांत तर मादी अंडी नराच्या पाठीवरच चिकटवते. खाचरात पाठीवर दाणे लावल्यासारखा किडा दिसला तर तो बाप समजावा.

इथे कुणी विचारील, इतके खायला असताना कीटक याहून मोठे का होत नाहीत? मांजराएवढा भुंगा का नाही? जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 मध्ये प्राण्यांच्या आकारावर एक छोटा निबंध लिहिला, त्यात याचे उत्तर आहे. पुढे हे हाल्डेन भारतात आले, इथलेच झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. कीटकाला फुप्फुसे नसतात. अंगाच्या बाजूंना असलेल्या भोकांतून हवा बारीक नळ्यांत शिरते आणि नळ्या थेट पेशींपर्यंत जातात. लहान अंगाला हे छान पुरते. अंग मोठे झाले की हवेला आत पोहोचायला वेळ लागतो, नळ्या अधिक आणि जाड कराव्या लागतात. 2007 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी भुंग्यांची क्ष-किरण चित्रे काढून दाखवले की भुंगा जितका मोठा तितका त्याच्या अंगातला नळ्यांचा वाटा वाढत जातो, आणि अडचण पायाच्या सांध्यात येते, तिथल्या अरुंद वाटेतून अधिक नळ्या जाऊ शकत नाहीत. त्यांच्या हिशेबाने भुंग्याची कमाल लांबी साधारण आज ॲमेझॉनच्या जंगलात असलेल्या टायटन भुंग्याएवढीच निघाली, म्हणजे 16-17 सेंटिमीटर.

हवेत प्राणवायू अधिक असेल तर? फ्रान्समधल्या कोमाँत्री इथल्या कोळशाच्या खाणीत 1880 मध्ये एका प्रचंड चतुरासारख्या कीटकाचा ठसा सापडला. 1885 मध्ये शार्ल ब्राँन्यार याने त्याला मेगॅन्यूरा नाव दिले. तीस कोटी वर्षांपूर्वीचा, पंखांचा पसारा 65 सेंटिमीटरहून अधिक. त्या काळी हवेत प्राणवायू आजच्या 21 टक्क्यांऐवजी 30 टक्क्यांच्या वर होता असे मानतात. भादव्यात पेणच्या भातावर चतुरांचे थवे फिरतात तेव्हा मनात तो आकार लावून पाहावा. त्याचा ठसा शोधायला मात्र आपल्या डोंगरांत जाऊ नये. हा दख्खनचा काळा पाषाण, लाव्हाचा, वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. 2012 मध्ये क्लॅफम आणि कार या दोघांनी हजारो जीवाश्म पंखांची मापे जमवून आणखी एक गोष्ट दाखवली. पंधरा कोटी वर्षांपूर्वीपर्यंत कीटकांचा आकार प्राणवायूच्या मागे वरखाली होत होता, नंतर प्राणवायू वाढला तरी कीटक मोठे झाले नाहीत. मधल्या काळात पक्षी आले होते. सावकाश वळणाऱ्या मोठ्या कीटकाचे हवेतले दिवस संपले. शेताच्या तारेवर बसलेला कोतवाल आणि वेडा राघू हेच काम आजही करतात, आणि आपले मोठे पतंग, मोठे भुंगे रात्रीच का उडतात याचे उत्तर त्यात बऱ्यापैकी मिळते. दिवसा राहायचे ते लाकडात, शेणात, पानाआड.

रात्रीचा आसरा हल्ली तितका आडोशाचा राहिलेला नाही. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे, कळवे या गावांत आषाढ-श्रावणात गणपतीचे कारखाने रात्र-रात्र चालतात, प्रखर दिव्यांखाली रंगकाम होते, आणि ते दिवस नेमके मोठ्या पतंगांचे आणि भुंग्यांचे. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते, तिच्या फलाटांवरचे दिवे रात्रभर पेटलेले. मुंबई-गोवा महामार्ग रुंद करताना कडेची जुनी झाडे गेली आणि त्या जागी दिव्यांचे खांब आले. दिव्यांमुळे कीटकांच्या नोंदी वाढल्या, हेही खरेच. ज्याला दिवा नाही त्याला पतंग दिसत नाही. नोंदी वाढणे आणि कीटक वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानात ठेवून त्या वाचाव्यात. उकिरड्यांचा आसराही असाच कमी होतो आहे. गोठे कमी झाले, बैलांच्या जागी पॉवर टिलर आला, रासायनिक खताची पोती आली. शेणाच्या ढिगाला मोठ्या कीटकांचे घर म्हणून कुणी जपणार नाही आणि जपावे असे मी म्हणणारही नाही. पण गावातले सर्वांत जड कीटक तिथेच तयार होतात, आणि ते ढीग आता कमी होत चालले आहेत.

पुढच्या पानांतली मापे कशी घेतली ते सांगायला हवे. पतंग-फुलपाखरांचा पसारा बसलेल्या स्थितीतच, जिवंत असताना, शेजारी पट्टी धरून घेतला आहे. संग्रहालयात पंख ताणून टाचलेल्या नमुन्यापेक्षा तो थोडा कमी भरतो. भुंग्यांच्या लांबीत शिंग धरले आहे, मिशा नाहीत. काडीकिड्यांच्या बाबतीत पाय धरून आणि न धरून, दोन्ही आकडे दिले आहेत, कारण जगभरचे निम्मे वाद या पायांवरूनच होतात. अळ्यांना वेगळे प्रकरण आहे आणि ते पहिले ठेवले आहे. अळी सापडली तर ती ज्या झाडावर होती त्याचे नाव आधी लिहावे, अळीचे माप नंतर; नुसत्या मापावरून जात कळत नाही, झाडावरून बऱ्याचदा कळते.

गेंड्या भुंग्याच्या प्रकरणाला शेवटी उपायही जोडले आहेत. निसर्गाच्या पुस्तकात कीटक मारायच्या युक्त्या कशाला, असे विचारणारे भेटतील. ज्याच्या पाच-पंधरा माडांवर घर चालते त्याने हे पुस्तक उघडले तर तो पहिले पान तेच शोधणार. म्हणून तारेच्या आकड्याने शेंड्यातला भुंगा ओढून काढणे, एरंडीच्या पेंडीचे आंबवण मडक्यात भरून बागेत पुरणे, गंधसापळे, खतखड्ड्यात मेटारायझियम बुरशी मिसळणे, कुजलेली खोडे बागेत पडू न देणे, हे सगळे तिथे दिले आहे. खतखड्डा वर्षातून दोनदा तरी उपसावा आणि त्या दिवशी कोंबड्या मोकळ्या सोडाव्यात. उपसताना निघालेली सर्वांत मोठी अळी कोंबड्यांच्या आधी पट्टीवर ठेवावी, एवढी विनंती.